वाहन : निरंक

नाव : प्रेमानंद किसन खिल्लारे. वय : त्रेचाळीस. पद : आरोग्य कर्मचारी (पुरुष). मुक्काम : गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. ओळखीची खूण : डाव्या पोटरीवर जुना व्रण. कार्यक्षेत्र : पाच गावे. वाहन : निरंक. शेरा : सदर कर्मचाऱ्याकडे स्वयंचलित वाहन नसल्याने तो कार्यक्षेत्रात वेळेवर पोहोचू शकत नाही. सबब जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास बदलीस पात्र.

हे वर्णन २००३ सालातलं. ते लिहिणाऱ्यानं प्रेमानंदला पाहिलेलं नव्हतं. पोटरीवरची खूण त्यानं सर्व्हिस बुकातून उतरवली. ती खूण सायकलच्या साखळीची होती, पण खूण कशाची हे विचारायचा रकाना छापील नमुन्यात नाही. सायकलचाही नाही. त्यामुळे बारा वर्षं जी गोष्ट प्रेमानंदच्या बुडाखाली होती, ती कागदावर निरंक झाली.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. पेटी घेऊन गावोगाव जायचं, कुणाला ताप येऊन गेला का ते विचारायचं, आलेला असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि दोन गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत गिळायला लावायच्या. गावातले लोक त्याला ‘मलेरिया डॉक्टर’ म्हणत. जाताना प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूनं छापलेल्या चौकोनात शिसपेन्सिलीनं तारीख घालायची आणि सही करायची. घरी बसून रजिस्टर कुणीही भरू शकतो; घरी बसून दुसऱ्याच्या भिंतीवर सही करता येत नाही. म्हणून तपासणीत भिंतीला मान होता, रजिस्टरला नव्हता.

पाचातलं लांबचं गाव लिंबाळवाडी. गोरेगावाहून अकरा किलोमीटर. शहाण्णव साली पलीकडून नवा सरळ रस्ता झाला आणि सगळ्या जीपा तिकडं वळल्या. जुना रस्ता तसाच राहिला. दोन्ही बाजूंनी निजामाच्या काळातले लिंब, मधे डांबराची आठवण. त्या डांबराच्या डाव्या कडेला हातभर रुंदीची एक गुळगुळीत पट्टी होती, आणि ती प्रेमानंदच्या चाकांनीच गुळगुळीत केली होती. घरी दोन खोल्यांत नऊ माणसं, एक शिलाई मशीन आणि दिवसभर चालणारा रेडिओ. बाहेर पडलं की पहिल्या चढापर्यंत मशीन कानात वाजत राही. चढ संपला की ती थांबायची. मग फक्त साखळीचा आवाज, तुरीतले तितर, आणि उतारावर काहीच नाही. त्या उतारावर तो पाय स्थिर ठेवून बसे. बायकोला, ज्योतीला, त्यानं एकदा हे सांगायचा प्रयत्न केला.

“रस्त्यानं काय दिसतं तुमाला?” तिनं विचारलं.

“काही न्हाई.”

“मंग?”

“त्येच,” तो म्हणाला. विषय तिथंच संपला.

त्या वर्षी उन्हाळ्यात परिपत्रक आलं. प्रत्येक कर्मचाऱ्यानं दसऱ्यापर्यंत मोटारसायकल आणि परवाना मिळवावा, नसता बदली. बदली म्हणजे वसमतच्या पलीकडं, हमरस्त्यावरच्या गावात, जिथं उसाचे ट्रक खिडकीतून आत येतात की काय असं वाटतं. प्रेमानंदनं परिपत्रक दोनदा वाचलं, घडी घातली आणि इस्माईलच्या दुकानात गेला.

इस्माईल गोरेगावच्या स्टँडजवळ सायकली दुरुस्त करी. प्रेमानंदच्या सायकलचं प्रत्येक हाड त्याला ठाऊक होतं. काळ्या मातीचा चिखल अडकतो म्हणून दोन्ही मडगार्डं त्यानंच काढून ठेवली होती. त्याच्या मेव्हण्याची फटफटी होती. गावाबाहेरच्या माळावर आठ दिवस शिकवणी चालली.

“प्रेमभाऊ, तुमी गाडी चालवून राहिले का गाडीवर रागवून राहिले?” इस्माईलनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

“आवाज लई करती.”

“इंजन है भाई. गप बसली तर मला बलवाल.”

“पाय कुटं मारायचे?”

“पायाला सुट्टी. हाताला काम.”

पाचव्या दिवशी प्रेमानंदनं चढावर सवयीनं उभं राहून पायांना जोर दिला. गाडी बाभळीत गेली. इस्माईलनं आधी गाडी उचलली, मग त्याला. आठव्या दिवशी म्हणाला, “सायकलवाल्याला दुसरं काही शिकवू नये. तकलीफ दोघांलाबी होती.” फटफटी मेव्हण्याकडं परत गेली.

पुढं पावसाळ्यात प्रेमानंदच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली, पण ती कुणी विचारली नाही म्हणून त्यानं सांगितली नाही. शेजारच्या क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यानं गाडी घेतली आणि त्याच्या काचपट्ट्या निम्म्यावर आल्या. कारण साधं होतं. फटफटी अर्ध्या कोसावरून ऐकू येते. सुईवाला आला हे कळायला आणि तुरीत पळायला लेकरांना तेवढा वेळ पुरतो. सायकल मात्र अंगणात उभी राहिल्यावरच कळते.

दसरा झाला. चार दिवसांनी निरोप आला की गुरुवारी जिल्ह्याचे मलेरिया अधिकारी, म्हणजे साहेब, स्वतः लिंबाळवाडीला येणार. भिंती बघणार. तारखा बराबर असल्या तर विचार करू, नसल्या तर बदलीचा कागद तयारच आहे.

प्रेमानंद निश्चिंत होता. वर्षभरात त्याचा एकही पंधरवडा चुकला नव्हता. त्यानं फक्त एक चूक केली : साहेब भिंती बघायला येणार हे त्यानं मंगळवारी लिंबाळवाडीचे सरपंच सटवाजी यांना सांगितलं.

गुरुवारी सकाळी शेवटच्या चढावरून त्याला गाव दिसलं आणि क्षणभर बरं वाटलं. गाव पांढरंशुभ्र झालं होतं. उन्हात चमकत होतं. उतार अर्धा संपेपर्यंत त्याला त्याचा अर्थ कळला. मग त्यानं ब्रेक दाबले.

सटवाजी वेशीत उभे होते. हातांना कोपरापर्यंत चुना.

“कसं काय डॉक्टर?” ते म्हणाले. “दोन दिवसांत सारं गाव काढलं. दिवाळीचं काम आधीच उरकलं म्हना ना. तुमचा साहेब येनार, आन आमी काय कळकट भिंती दावाव्या?”

“सरपंच, भितीवर माह्या तारखा व्हत्या.”

“त्याच तं पुसल्या,” सटवाजी समाधानानं म्हणाले. “लई घान दिसत व्हतं ते.”

प्रेमानंद सायकल धरून उभा राहिला. रागवावं असं समोर कुणी नव्हतं. साऱ्या गावानं त्याच्या इज्जतीसाठी दोन दिवस मजुरी बुडवली होती. बायका दारात उभ्या राहून त्याच्याकडं कौतुकानं बघत होत्या.

साडेदहाला जीप आली. ती यायच्या आधी तिचा आवाज आला आणि लिंबाळवाडीची एकूण एक लेकरं तुरीत गेली. साहेब उतरले तेव्हा त्यांच्यासमोर पांढऱ्या भिंती होत्या आणि एकही लेकरू नव्हतं. घाटावरचे, चष्मा लावणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सात घरं पाहिली. सातव्या घरापाशी वहीत काहीतरी लिहिलं.

“खिल्लारे, या भिंतींप्रमाणे तुम्ही या गावात कधीच आलेला नाहीत.”

“आलो साहेब. दर दुसऱ्या गुरुवारी.”

“मला माणसांची साक्ष नको. माणसं तुमच्या बाजूनं बोलतील. ते दिसतंच आहे.” त्यांनी सटवाजींच्या हाताकडं पाहिलं. सटवाजींनी हात मागं घेतले. आपण काय केलं हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि कळताना त्यांचा चेहरा भिंतीच्या रंगाला येत होता.

“सारीच घरं रंगवली का?” साहेबांनी विचारलं.

“एक सोडून,” सटवाजी खालच्या आवाजात म्हणाले. “चतुराबाई ऐकत न्हाई कुनाचं. लाजच हाय गावाला.”

त्या लाजेकडं सगळे गेले. चतुराबाईचं घर ओढ्याच्या अंगाला, शेवटचं. म्हातारी उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. घर तिनंही दरसाल सारवलं होतं, चुना दिला होता, पण गेरूचा चौकोन सोडून. बारा वर्षांचे थर चौकोनाभोवती चढत गेले आणि चौकोन खोल राहिला, देवळीसारखा. आत तारखाच तारखा. जागा संपली तेव्हा प्रेमानंदनं अक्षर बारीक केलं होतं. जुनं पुसून टाकतो म्हटलं तेव्हा म्हातारीनं पुसू दिलं नव्हतं.

“आजी, हा तेवढा भाग का सोडलात?” साहेबांनी विचारलं.

“काहून म्हंजे? सरकारचं लिव्हलेलं हाय. पुसलं आन उद्या कुनी इचारलं तं म्या काय सांगू? भित माही, पन चौकोन तुमचा. बारा सालं जीव मुठीत धरून सांभाळलं. आता आलासा तं नेता का ते?”

“नेता येणार नाही,” साहेब म्हणाले.

“मंग नीट वाचून घ्या. मला एकदा सुटू द्या त्याच्यातून.”

साहेब वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले. बोट एका तारखेवर थांबलं. चोवीस जुलै.

“या दिवशी तुम्ही इथं होतात?”

“व्हय.”

“त्या दिवशी मी निघालो होतो. दोन किलोमीटर अलीकडं जीप मातीत रुतली. रस्ता बंद, असं मी स्वतः डायरीत लिहिलं. तुम्ही कसे आलात?”

“सायकलवर साहेब. ओढ्यापसून सायकल माह्यावर.”

चतुराबाईनं शेंग फोडली. “त्या दिशी मला ताप व्हता. येवढा भिजला व्हता का गोळी द्याया कोरडा हात नव्हता त्याला. माह्या लुगड्याला पुसला.”

साहेबांनी वही उघडली, सात घरांपुढचं काहीतरी खोडलं. मग तिच्याच दारात बसून चहा घेतला. जीपचं इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता, तेव्हा लेकरंही एकेक करून तुरीतून बाहेर यायला लागली. प्रेमानंदनं पेटी उघडली आणि लेकरांतली चार जागीच पकडली. साहेबांनी हे पाहिलं. एकदा जीपकडं बघितलं, एकदा सायकलकडं.

परतताना चढावर प्रेमानंदला सायकल इतकी हलकी लागली की त्यानं उतरून मागचं चाक पाहिलं. चाक तेच होतं. पुढं उतारावर त्यानं पाय थांबवले आणि लिंबाच्या सावल्या अंगावरून जाऊ दिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो कशाचाही हिशेब करत नव्हता. रस्त्यावर एक बैलगाडी भेटली, तीही उभी होती.

तीन आठवड्यांनी आदेश आला. ‘उपलब्ध साधन कार्यक्षेत्रास पुरेसे असल्याने वाहनाच्या अटीतून सूट देण्यात येत आहे.’ साधन कोणतं, ते लिहिलेलं नव्हतं. आधीचा कागद कुणी मागं घेतला नाही. घ्यायची पद्धत नाही. तो फायलीत तसाच आहे : वाहन निरंक, कार्यक्षेत्रात वेळेवर पोहोचू शकत नाही.

हजेरीची वेळ आठची होती. आदेशानंतरच्या गुरुवारी तो पावणेआठला लिंबाळवाडीत होता.