फक्त त्याचंच बंद

मला राग विसरता येत नाही, आणि विसरावा असं वाटतही नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोपरहून वागळे इस्टेटला नोकरीला जायचे. आमच्या साहेबाने वडिलांच्या लेथच्या कारखान्यातच एका खोलीत सर्व्हर मांडला होता. त्या एकाच मशीनवर बऱ्याच गिऱ्हाइकांची वेब ॲप्लिकेशन्स चालायची. एखादं दुरुस्त करायचं असलं की तेवढंच थांबवून त्याजागी ‘थोडा वेळ बंद आहे’ असं पान लावायचं. बाकीच्यांना पत्ताही लागायचा नाही. हे काम माझं.

खंडेनवमीला साहेबाने सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि मशीन बंद करायला सांगितलं. पूजा झालेला लेथ त्या दिवशी फिरवत नाहीत, मग हे तरी का चालवायचं? मी म्हटलं, आपलं स्वतःचं ॲप्लिकेशन तेवढं बंद ठेवू, लोकांची चालू राहू देत. तो ऐकेना. मी सगळंच बंद केलं.

दसरा उलटल्यावर माजिवड्याचा कुरियरवाला तणतणत आला. त्याचं दिवसभराचं बुकिंग बुडालं होतं. साहेबाने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. नव्या मुलीने चुकून मशीन बंद केलं म्हणाला, आणि कामगारांसमोर मला माफी मागायला लावली. बायकांना मशीनपाशी बसवलं की असंच होतं, असं कुरियरवाला जाता जाता ऐकवून गेला. घर माझ्या पगारावर चालायचं, म्हणून मी माफी मागितली. पण खरं काय ते साहेबाच्याच तोंडून वदवून घ्यायचं, हे तेव्हाच ठरवलं. वर्षभर त्याच्याशी गोड बोलले.

पुढच्या खंडेनवमीला तो म्हणाला, यंदा लोकांचं चालू ठेव, आपलं तेवढं बंद कर. माझीच कल्पना मला शिकवत होता. आमच्या ॲप्लिकेशनवर गिऱ्हाइकं तक्रारी नोंदवायची, त्यामुळे सगळे तिथे डोकावायचेच. त्याच्या जागी मी पान लावलं: ‘साहेबांच्या आज्ञेवरून पूजेसाठी बंद. गेल्या वर्षी सगळा सर्व्हर बंद होता, तोही त्यांच्याच आज्ञेवरून.’

थोड्या वेळात फोन खणखणू लागले. साहेब लालबुंद होऊन आला, पान काढ म्हणाला. ते कसं काढायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असलेला दुसरा माणूस गावी गेलेला. मी हाताची घडी घालून बसले. फार बरं वाटत होतं. नोकरी जाणार हे दिसतच होतं. दुसरी मी बघून ठेवली होती.

“आधी कुरियरवाल्यांना फोन लावा, साहेब,” मी म्हटलं. “खरं काय ते सांगा.”

त्याने आरडाओरडा केला, येरझाऱ्या घातल्या, शेवटी फोन लावला.

“गेल्या वर्षी मशीन मीच बंद करायला लावलं होतं,” तो पुटपुटला. “हिची चूक नव्हती.”

“त्यांना ऐकू गेलं नसेल. परत सांगा, मोठ्याने.”

लेथवरचे कामगार प्रसाद हातात घेऊन दारात उभे होते. त्याने परत सांगितलं.