धुतलेली ओटी घेऊन सावंगीले

पुलगावच्या फलाटावर उभा होतो अन् खिशातलं तिकीट घडीघडी चाचपून राह्यलो होतो. तुमी म्हनसान, पुलगाव ते वर्धा, तेवढ्यात घाबराचं काय? पन मले तं तिकिटाच्या खिडकीचंबी भ्याव वाटते. तिसरीत दोनदा बसलो अन् दोनदा पळालो, तवापासून काचेच्या मांगं मानूस पाह्यला का मले गुरुजीच दिसते.

पोटाशी पिशवी होती. पिशवीत ओटी (कापूस येचताना बाया कमरेले बांधते थे फडकं). पन ही साधी ओटी नाई. आमची पोरगी प्रज्ञा चार वर्षं जे शिकली, थे सारं हिच्यात शिवलेलं हाये. तिच्या डिग्रीत एक विषय हाडामासाचा, एक कापडाचा, एक मशीनचा अन् एक धंद्याचा. गल्लीत कोनी इचारलं का मी सांगतो, "मिसळ शिकते." थ्याच मिसळीतून तिनं पट्टे लावून अशी ओटी बनवली का कापसाचं वजन पाठीवर न येता कमरेच्या हाडावर येते. माह्या बायकोनं अन् तिच्या सोबतच्या बायाइनं आठवडाभर वावरात वापरून पाह्यली.

आज सावंगीच्या कॉलेजात नव्या धंद्याले मदत देनारे मोठे लोक ही ओटी पाहनार होते. त्याइले पटलं तं प्रज्ञाची सोताची कंपनी सुरू. नाई पटलं तं सोमवारपासून नागपूरच्या दवाखान्यात पगाराची नोकरी. नोकरीले हो का नाई, थे आजच सांगाचं होतं. मले दोन्हीचं भ्याव. कंपनी झाली अन् बुडाली तं? नाई झाली अन् पोरगी जलमभर कुढत राह्यली तं?

डब्यात बाजूले डेपोतून रिटायर झालेले एक काका बसले.

"पोरगी काय झाली? डॉक्टर?"

"नाई."

"इंजिनेर?"

"नाई. थोडी थोडी सारंच."

"म्हनजे धड कोनतंच नाई!" काका हसले. मीबी हसलो अन् पिशवी आनखी पोटाशी आवळली.

वर्ध्यात तर्री-पोहे (पोह्यावर तिखटजाळ चन्याचा रस्सा) घेतले. एरवी दोन प्लेटा हानतो, आज अर्धी प्लेट ठेवून उठलो. ऑटोवाल्याले म्हनलं, "मेघेले चाल." त्यानं नेऊन उतरवलं. तिथं दारात गहू निवडत बसलेल्या बाईले कॉलेज इचारलं.

"अवो भाऊ, तुमाले सावंगी मेघे पाह्यजे. हे बोरगाव मेघे. इथं कॉलेज नाई, माह्यं घर हाये."

तिथून निंगालो थे घामानं रंगवल्यावानी सावंगीले पोचलो. प्रज्ञा गेटवरच होती.

"बाबा, आनली?"

"आनली ना! एकदम चकाचक."

तिनं ओटी काढली अन् तिचं तोंड पांढरं पडलं. "बाबा... धुतली?"

मी लोकाइची घरं रंगवतो. डाग दिसला का हात शिवशिवते. ओटीवर कोळशाच्या रेघोट्या होत्या. मोठे लोक पाहनार, मनून सोडा टाकून आदल्या दिवशी सकाळभर घासली. मले काय माहीत, थे डाग नव्हते! जिथं पट्टा रुतला तिथं बायाइनं निशानी केलती. कमलबाईचा गोल, शेवंताच्या तीन रेघा, माह्या बायकोची फुली. बायाइले लिहता येत नाई मनून पोरीनंच तसं ठरवून देल्लं होतं. थ्या निशान्या दाखवूनच ती सांगनार होती, कुठं चुकलं अन् काय बदलाचं. फोटो होते, पन थे पट्टे नसलेल्या जुन्या ओटीचे.

"बाबा, चार वर्षं..." एवढंच बोलली. रडली नाई. रडली असती तं मले बरं वाटलं असतं.

हॉलमंदी पाच जन बसले होते. म्या "जय भीम" घातला. दोघाइनं नमस्कार केला, दोघाइनं मान हालवली, अन् चष्मेवाल्या मॅडमनं "जय भीम" म्हनून खुर्ची दाखवली. मी तिच्या काठावर असा टेकलो का खुर्ची मांगं सरकली अन् मी फरशीवर.

प्रज्ञानं सरळ सांगून टाकलं, "खुणा होत्या. माझ्या बाबांनी धुतल्या."

एक साहेब म्हनले, "मग बायकांनी वापरली, याचा पुरावा काय?"

मी फरशीवरून उठलो थो सीधा टेबलापाशी. "साहेब, पेन द्या." म्या ओटीवर एकेक निशानी जागेवर काढली. "थे डाग शिव्या देऊन देऊन घासले साहेब. माह्याइतकं कोनाच्या ध्यानात राहीन?"

"पण हे तुम्ही आत्ता काढलंत. आम्ही कसं मानायचं?"

बरोबरच होतं थ्याइचं. मॅडमनं इचारलं, "त्या बायकांपैकी कोणाला फोन लागेल?"

बायकोले लावला, स्पीकरवर. रिंग वाजली, वाजली अन् बंद झाली. प्रज्ञा ओठ चावून राह्यली होती. दुसऱ्या डावाले उचलला. मॅडम म्हनल्या, "ताई, ओटीवर फुली कुठे केली होती तुम्ही?"

"डाव्या बगलेपाशी जी. कमलचा गोल उजव्या कमरेवर, शेवंताच्या रेघा मांगं, मनक्यापाशी. काऊन?" बायको थांबली. "त्या मानसानं धुतली का काय?"

सारा हॉल हसला. साहेबानं ओटी फिरवून फिरवून पाह्यली. तिन्ही निशान्या जागच्या जागी होत्या.

मॅडम म्हनल्या, "पुढच्या हंगामात वीस ओट्या बायकांना वापरायला द्या. तोवर इथली खोली आणि शिलाई मशीन तुमची. पुढचं मग पाहू."

म्हनजे कंपनीबी नाई अन् नकारबी नाई. मले वाटलं, आता पोरगी नोकरी धरते. प्रज्ञानं बाहेर येऊन माह्यासमोरच नागपूरले फोन लावला. "सर, मी जॉईन होणार नाही."

म्या तिचा फोनवाला हात धरला. "अवो बाई, एक डाव इचार तं कर..."

"तुमी पेन मागतला, तवा इचार केलता का?"

तिनं ओटी घडी करून माह्या हातात देल्ली. "आईले द्या. उद्यापासून पुन्हा येचाले न्या म्हना. अन् बाबा, धुवू नोका."

परतीच्या गाडीत ओटी मांडीवर घेऊन बसलो. वीस ओट्या, एक हंगाम, अन् हातची नोकरी गेली. सकाळी दोन भ्यावं घेऊन निंगालतो, येताना एकच राह्यलं, पन थे दोन्हीच्या वजनाचं. बाजूच्या बाईनं शाईचे गोल अन् रेघा पाह्यल्या.

"भाऊ, चांगल्या कापडाले डाग पडले. सोड्यानं निंघन थे."

म्या ओटी उचलली, सदऱ्याच्या आत घातली अन् वरून दोन्ही हात बांधून पुलगाव येईपर्यंत तसाच बसून राह्यलो.