ठाण्याची पाटी धरणारा माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ ठाण्यात प्रसिद्ध झाला तेव्हा मी कल्याणला सासरी होते, आणि ती बातमी मला सासूबाईंच्या तोंडून टोमण्याच्या रूपात मिळाली. मी परसात वाल सोलत बसले होते. त्या म्हणाल्या, “तुमच्या ठाण्यात माणूस नुसता जागेवर उभा राहिला तरी त्याला नारळ देतात म्हणे.” मला वाटलं, कुणी एका पायावर तप करणारा बैरागी आला असेल. मी तसं बोलूनही दाखवलं.

“बैरागी कसला,” त्या म्हणाल्या, “तुझा भाऊ.”

माहेरी तोवर माझ्या भावाचं नाव कोणी चांगल्या कारणासाठी घेतल्याचं मला आठवत नव्हतं.

वडील ठाण्याच्या कोर्टात वकील. बोलणं धारदार, चालणं भरभर, जेवणसुद्धा भरभर. त्यांच्या पोटी हा मुलगा कसा आला ते देवालाच ठाऊक. तो उंच होता, रुंद होता आणि संथ होता. हाक मारली की आधी त्याची मान वळायची, मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी ‘ओ’ यायची. मॅट्रिकला बसला, नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा झाला. वडील रोज सकाळी पूजा आटोपली की त्याच्यासमोर एक भाषण करत. कधी ते त्याला घराबाहेर काढणार असत, कधी काशीला पाठवणार असत, कधी मामाकडे गुरं राखायला. आई तेवढ्यात त्याच्या पानात आणखी भात सारून देई, कारण भाषण चालू असलं की वडिलांचं पानांकडे लक्ष नसे.

असा हा माझा भाऊ ज्या खेळामुळे मोठा झाला तो आट्यापाट्यांचा. आताच्या मुलांना विलायती खेळांचं वेड, म्हणून थोडं सांगते. जमिनीवर राखेने शिडीसारख्या आडव्या पाट्या आखायच्या. एका संघाचे गडी एकेका पाटीवर उभे राहून वाट अडवतात. दुसऱ्या संघाच्या गड्यांनी त्यांना हुलकावण्या देत, अंगाला हात न लागू देता, एकेक पाटी ओलांडून पलीकडे जायचं आणि तसंच परत यायचं. पाटीवरच्याने आपली पाटी सोडायची नाही. जो पळतो, वाकतो, गिरक्या घेतो, त्याच्यावर सगळ्यांचे डोळे. पाटीवर उभा राहणारा म्हणजे पंक्तीतला पाट मांडणारा. त्याच्यावाचून अडतं, पण त्याला कोणी बघत नाही.

आमच्या आळीच्या संघातला एक गडी हिवतापाने अंथरुणाला खिळला. माणूस कमी पडला, तेव्हा तलावाकाठी शेंगा खात बसलेल्या माझ्या भावाला त्यांनी उठवून पाटीवर आणून ठेवलं. समोरच्या आळीचा पुढारी गडी हुलीत नावाजलेला. तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, खाली बसून उसळला. माझा भाऊ त्याच्याकडे पाहत राहिला. ‘हा भोपळा झोपलाय’ असं म्हणून तो गडी सरळ बाजूने निघाला, आणि सूप आपटावं तसा त्याच्या पाठीत हात पडला. मागून आलेल्यांचंही तेच झालं. अंधार पडायच्या आत समोरची अख्खी आळी बाद होऊन बांधावर बसली होती.

मला ही हकिकत आईने सांगितली तेव्हा मी पोट धरून हसले. झालं काय होतं ते आम्हा घरच्यांना लगेच उमगलं. हूल कळायलाही थोडी बुद्धी लागते. समोरचा डावीकडे झुकला हे माझ्या भावाच्या ध्यानात येईपर्यंत तो उजवीकडे जाऊन परत आलेला असायचा. मग माझा भाऊ फसणार कसा?

पण ठाण्यात शिकलेली माणसं फार, आणि शिकलेल्या माणसांना साधं कारण चालत नाही. एक पेन्शनर मामलेदार होते. त्यांनी जाहीर केलं की हा मुलगा स्थितप्रज्ञ आहे. एका शाळामास्तरांनी त्यावर देवळात व्याख्यान दिलं. त्यात प्राणायाम होता, पातंजल योग होता, मराठ्यांच्या पराभवाची कारणं होती, आणि माझा भाऊ शेवटी थोडासा होता. तो पहिल्या रांगेत बसून डुलक्या देत होता. लोक म्हणाले, पाहा, स्तुतीनेही विचलित होत नाही.

मामलेदारांकडून रोज बदाम घातलेलं दूध यायला लागलं. ज्या वडिलांनी त्याला कधी ‘दगड’ याखेरीज हाक मारली नाही, ते कोर्टात पक्षकारांसमोर ‘आमचे चिरंजीव’ म्हणू लागले. पुढे एका सामन्याला कलेक्टरसाहेब येऊन गेले. ते म्हणाले, त्यांच्या देशात शाळेतली पोरं कातडी चेंडूपायी एकमेकांच्या अंगावर पडतात. त्या खेळात हा गडी असता तर पलीकडची पोरं शाळा सोडून पळाली असती. झालं. महिनाभरात मॅट्रिक नापास माणूस कचेरीत कारकून झाला. अर्ज घेऊन येणाऱ्या लोकांना त्याच्या मेजावरून जावं लागे, आणि लोक म्हणत, मैदानावर निदान एखादा तरी सुटतो.

त्यानंतरच्या थंडीत ठाण्याचा संघ कल्याणला खेळायला यायचा ठरला, आणि माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. कारण कल्याणच्या संघातला पहिला गडी म्हणजे माझे धाकटे दीर. सडपातळ अंग, कोरलेल्या मिशा, केसांना वासाचं तेल. ते हूल द्यायला लागले की बाया माडीच्या खिडक्या उघडायच्या. घरात त्यांचं चालणंही तसंच होतं. पाटावर बसायचं तरी आधी दुसऱ्याच पाटाकडे निघायचे.

भाऊ उतरणार अर्थात बहिणीकडे. सामन्याच्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच मला बोलावून पुरण घालायला सांगितलं.

“आज?” मी विचारलं. “संध्याकाळी खेळायचंय त्यांना.”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “कल्याणकरांनी पाहुण्याला उपाशी ठेवून हरवलं असं कुणी म्हणायला नको.”

दीर स्वतः चार घास खाऊन उठले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. “वहिनी, लाजू नका, भावाला आग्रह करा,” म्हणून मला सांगत होते. मी वाढत होते, भाऊ खात होता. सासूबाईंच्या चेहऱ्यावर आधी समाधान दिसलं, मग आश्चर्य, आणि पुरणाचं पातेलं खरवडायची वेळ आली तेव्हा स्पष्ट धास्ती. शेवटी माझा भाऊ मान वर करून म्हणाला, “ताई, तूप आहे का अजून थोडं?”

शेणाळे तलावाजवळच्या मोकळ्या जागेत पाट्या आखल्या होत्या. आम्ही बायका शेजारच्या एका माडीवरून, अर्धी खिडकी लोटून बघत होतो. माझ्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला चुलतसासूबाई. मी कुणाच्या बाजूची हे कुणी विचारलं नाही, पण माझा श्वाससुद्धा दोन्हीकडून मोजला जात होता.

दीर पुढे आले. पहिल्या दोन पाट्या त्यांनी अशा ओलांडल्या की खाली मंडळी नाचायला लागली. तिसऱ्या पाटीवर माझा भाऊ, दुपारचं पुरण पोटात घेऊन. दीरांनी खांदा टाकला, कंबर लचकवली, एक पाय पुढे टाकून मागे घेतला. असं बराच वेळ चाललं. चुलतसासूबाई हळूच म्हणाल्या, “हा एकटाच नाचतोय की गं.”

“तो झोपलाय का उभ्या उभ्या?” सासूबाईंनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “तो दिसतो तसाच.”

दीरांना घाम फुटला. लोक गप्प झालेले पाहून ते चिडले आणि चिडून खरंच निघाले. मग तो सूप आपटल्यासारखा आवाज माडीवरही ऐकू आला. कल्याणचे बाकीचे गडी मागच्या पाट्यांवर अडकले ते अडकलेच. मी पदर तोंडाशी धरला होता, आणि पदराआड माझं काय चाललं होतं ते सासूबाईंनी न बघताच ओळखलं. दोन दिवस त्या माझ्याशी पातेल्यांच्या आवाजातून बोलल्या.

सामन्याच्या रात्री जेवताना दीर म्हणाले, “वहिनी, तुमचा भाऊ खेळत नाही. तो नुसता असतो.” माझ्या भावाविषयी मी ऐकलेल्या सगळ्या व्याख्यानांत हेच काय ते खरं वाक्य होतं.

ठाण्याला मात्र गुलाल उधळला. पुण्याच्या बाजूच्या एका बड्या घराने मुलगी दिली, ती पराक्रमी जावई म्हणून. आणि मग मास्तरांच्या डोक्यात आलं की नुसत्या निसर्गदत्त देणगीवर विसंबून चालणार नाही, तिला शास्त्राची जोड हवी. ते रोज कचेरी सुटल्यावर माझ्या भावाला तालमीत बसवून शिकवू लागले: गड्याच्या डोळ्यांकडे बघ, कंबरेकडे बघ, खांदा आधी पडला तर हूल, पाय आधी पडला तर खरं. माझा भाऊ संथ होता, पण सांगितलेलं मनापासून करणारा होता. पावसाळाभर तो शिकला. मॅट्रिकसाठी त्याने एवढा अभ्यास कधी केला नव्हता.

पुढचा सामना डोंबिवलीला. डोंबिवली तेव्हा म्हणजे भातखाचरं, चिंचेची झाडं आणि थोडी कौलारू घरं. तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांचा संघ ठाणेकरांनी हिशेबातसुद्धा धरला नव्हता. मामलेदार तर आपल्यासोबत हार घेऊनच गेले होते. माझ्या सासरचेही गेले होते; त्यांनी परत येऊन सांगितलं ते असं.

पहिला पोरगा डावीकडे झुकला. माझ्या भावाने ओळखलं की ही हूल आहे. ओळखून उजवीकडे वळला. पोरगा तेवढ्यात डावीकडूनच गेला. दुसऱ्याने तेच उलटं केलं. माझ्या भावाने त्या दिवशी खांदा ओळखला, कंबर ओळखली, डोळे ओळखले, आणि जे जे ओळखलं त्याच्यामागे गेला. पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी अशी जात होती की शेवटी शेवटी ती हूल द्यायचीही तसदी घेईनात. कडेला बसलेल्या बायका हसून हसून लोळल्या. मामलेदारांना मध्येच ठाण्याचं एक तातडीचं काम आठवलं. हार कुणी घातला ते मला माहीत नाही.

दुधाचा गडू दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. मास्तरांनी देवळात सांगितलं की शिष्याने शास्त्र अर्धवट पचवलं. वडिलांचं सकाळचं भाषण पुन्हा सुरू झालं, फक्त आता सुनेदेखत.

तो दिवाळीत भाऊबीजेला माझ्याकडे आला. ओवाळून झाल्यावर आम्ही ओटीवर बसलो. त्याच्या हातात करंजी होती आणि ती तो खात नव्हता, म्हणून मला काळजी वाटली.

मी विचारलं, “खरं सांग, तुला आधी हूल कळायचीच नाही ना?”

त्याने नेहमीसारखा वेळ घेतला. “कळायची की,” तो म्हणाला.

“मग हलायचा का नाहीस?”

“ताई, वडील रोज सांगायचे, आज घराबाहेर काढतो. उद्या काशीला धाडतो. लहानपणी मी खरंच बोचकं बांधून दारात बसायचो. कधी काढलं नाही. मग मी ठरवलं, माणूस खरोखर अंगावर येईपर्यंत आपण हलायचं नाही.” त्याने करंजीचा तुकडा मोडला. “मास्तरांनी हलायला शिकवलं. नाही म्हणता आलं नाही मला. मोठी माणसं ती.”

मी त्याच्यावर इतकी वर्षं विनोद केले होते, आणि लोकांनी ऐकले होते. त्या वेळी मात्र मला एकही सुचला नाही. मी आत जाऊन आणखी करंज्या आणल्या.

तो त्यानंतरही काही वर्षं पाटीवर उभा राहिला. कधी धरायचा, कधी सुटू द्यायचा, चारचौघांसारखा झाला. तोवर ठाण्याच्या मंडळींना क्रिकेट सापडलं होतं. मामलेदार क्रिकेटच्या मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि मास्तरांनी नवं व्याख्यान तयार केलं. त्यात प्राणायाम तोच होता म्हणे.

माझी भावजय मोठ्या घरची, पण गुणाची. एका गणपतीत मी माहेरी गेले होते तेव्हा मोदक वळता वळता ती मला म्हणाली, “वन्सं, माझ्या वडिलांनी विचारलंय, जावईबापू हल्ली काय गाजवतात म्हणून. काय कळवू?”

बाहेर ओसरीवर माझा भाऊ आपल्या धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. ती त्याच्या कानात काडी घालत होती, आणि तो तिला घालू देत होता.

“कळव,” मी म्हटलं, “की पोरीला अजून दात यायचेत, तोवर तिला मांडीवर घेऊन बसलेत, गाजवायला सवड नाही.”

ती हसली आणि पुढचा मोदक वळायला घेतला.