चहा न विचारणारं घर

प्रभाकर भाऊजींचं निधन तीन महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, यवतमाळच्या रुग्णालयात झालं. कागदावर कारण न्यूमोनिया असं आहे. त्याआधी दिवाळीच्या सुमारास त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्यातून ते बरे होऊन घरी आले होते. 'बरे होऊन' हे शब्द बाभुळगावात सगळ्यांनी वापरले. डॉक्टरांनी वापरले नव्हते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, उषाताईचे यजमान. स्टँडच्या मागे त्यांची पिठाची गिरणी, गिरणीला लागूनच घर. दळण टाकायला आलेला माणूस दळण होईपर्यंत थांबायचा आणि थांबलेल्या प्रत्येकाला आतून चहा यायचा. त्याची कुणी दखलही घेत नसे, इतकं ते ठरलेलं होतं. भाऊजी स्वतः बशीत ओतून, मोठा आवाज करत प्यायचे. ताई म्हणायची, "हळू प्या ना, गावाले ऐकू जाते." ते म्हणायचे, "जाऊ दे. ऐकून चार जण आणखी येतीन." मी वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळे मला पाहिलं की त्यांचा एकच प्रश्न असे : "काय साळेबुवा, आमची बातमी कवा लावता?" कसली बातमी, असं मी विचारायचो. "हेच... बाभुळगावात एक माणूस रोज चाहा पेते."

झटक्यात उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. एक 'हो' तेवढा उरला. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. ताई त्यांच्या डाव्या हाताकडे पाहून अर्थ लावायला शिकली. रुग्णालयातून निघताना तिथल्या सिस्टरनं तिला खाऊ घालण्याची पद्धत दाखवली. ताठ बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला लावायची, लहान चमच्यानं घट्टसर भरवायचं. पाणी, चहा, ताक, पातळ काहीही द्यायचं नाही. गिळण्याचे स्नायू दुबळे झाले आहेत, पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो आणि दर वेळी ठसका लागतोच असं नाही. ताईनं ते सिस्टरला परत म्हणून दाखवलं.

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि भाऊजींना आत घेतलं. त्याच दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला आलेल्याला चहा दिल्याशिवाय पाठवत नाहीत आणि आजाऱ्याच्या तोंडासमोर, त्याला न देता, कुणी पीतही नाही. आलेला माणूस कपातला घोट बशीत ओतायचा आणि बाजेकडे वळायचा. "भाऊ, घेता काय घोटभर?" भाऊजी म्हणायचे, "हो." ताई मध्ये पडायची, बशी मागे घ्यायची, समोरच्याचा चेहरा उतरायचा. भाऊजींची नजर बशीबरोबर जायची. चार-पाच वेळा हे झाल्यावर ताईनं घरात चहा करणं बंद केलं. पाहुण्यांना नाही, स्वतःलाही नाही.

चहा का बंद केला, ते ती प्रत्येकाला सांगत होती. गावात मात्र वेगळंच पोचलं. "माणूस पडला तं घर बी आटलं," असं गिरणीच्या ओट्यावर बोललं गेलं. ताईच्या कानावर ते आलं. तिनं पातेलं काही चढवलं नाही. मोटारसायकल दुरुस्त करणारे शकीलभाई भाऊजींचे जुने मित्र. ते दररोज दुपारी येत आणि ताईला अवघडू नये म्हणून दारातूनच सांगत, "भाभी, आताच टपरीवर पिऊन आलो. पोट भरेल हाय." ते पिऊन आलेले नसत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

भाऊजींची थोरली बहीण नेरला असते. सगळं घर तिला आक्का म्हणतं. आई लवकर गेल्यामुळे भाऊजींना तिनंच वाढवलं. ती आली, भावाजवळ बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "काहून वं उषा, घरात दूध नाही काय?"

ताईनं सगळं सांगितलं.

"म्या याले कडेवर घेऊन चाहा पाजला. माह्या हातानं याले काय होते?"

"आक्का, नका देऊ. दवाखान्यात सांगतलं."

"दवाखाना तिकडं यवतमाळले रायला."

आक्कानं स्वतः चहा मांडला, बशीत ओतून फुंकला आणि भावाच्या ओठाला लावला. ताई दाराशी उभी होती. थोरल्या नणदेचा हात धरायचा कसा, असं ती मला पुढं म्हणाली. भाऊजी प्यायले. थोडा ठसका लागला, थांबला. मग ते हसले, अर्ध्याच चेहऱ्यानं... झटक्यानंतर पहिल्यांदा. "आणखी देऊ काय रे?" आक्कानं विचारलं. ते म्हणाले, "हो." डावा हातही बशीकडे गेला होता. आक्का ताईकडे वळली. "पाह्य, झालं काय काही?"

दोनेक दिवसांत ताप आला, मग धाप लागली. भाऊजींना पुन्हा यवतमाळला नेलं. ते परत आले नाहीत. त्या बशीमुळेच हे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. अशा रुग्णाच्या फुफ्फुसात स्वतःची लाळसुद्धा जाते. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं.

तेरवीला, माणसं जेवून उठत असताना, आक्का सगळ्यांदेखत बोलली. "म्या मारलं माह्या भावाले."

ताई म्हणाली, "आक्का, असं नका बोलू. ते हासले होते ना."

आक्का माझ्याकडे वळली. "तू पेपरात लिहितं ना? मंग लिही. माह्यं नाव घालून लिही. लोकायले समजू दे." ताईनं मला बाजूला बोलावून सांगितलं, लिही, पण नाव नको. म्हणून इथं ते नाही. नेरला आक्का पुष्कळ आहेत.

ताईच्या घरी आता पुन्हा चहा होतो. गिरणी भाऊजींचा पुतण्या चालवतो, दळणाला थांबलेल्यांना कप जातात. शकीलभाई येतात आणि पितात. भाऊजींची बशी मांडणीत बाकीच्या बश्यांमध्येच आहे. आक्का पंधरवड्यानं एकदा येते, दुपारभर ताईजवळ बसते. ताई दर वेळी चहाचं विचारते. आक्का म्हणते, "पिऊन आली वं स्टँडवर."

स्टँडवर चहाची टपरी एकच आहे आणि ती शकीलभाईंच्या दुकानासमोर आहे. ते सांगतात, आक्का एसटीतून उतरते आणि सरळ घराकडे जाते. टपरीवर थांबत नाही.