यादीतलं हॉस्पिटल

आईच्या फिजिओथेरपीसाठी मी दर सोमवारी मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात जायचे, तेव्हा कॅशलेसच्या खिडकीशी एक आजोबा हमखास दिसायचे. इस्त्रीचा शर्ट, हातात पॉलिसीची प्लास्टिकची फाइल. राहायला समोरच्याच सोसायटीत. घरात तेव्हा कोणी आजारी नसायचं, नुसतं विचारायला यायचे, "आपलं हॉस्पिटल यादीत आहे ना अजून?" खिडकीतली मुलगी कंटाळून मान हलवायची. मग ते फाइलला रबरबँड लावून निघायचे. मला हसू यायचं.

गेल्या महिन्यात तिने मान हलवली नाही. विमा कंपनीने ऑपरेशनांचे दर बांधून दिले, ते हॉस्पिटलला परवडेनात, म्हणून कॅशलेस बंद. "आता यादीतल्या घाटकोपरच्या हॉस्पिटलात जावं लागेल, काका."

"वीस वर्षं हप्ते भरतोय गं," एवढंच म्हणाले आणि रबरबँड न लावताच निघाले.

पुढच्या सोमवारी ते गेटसमोर रिक्षात बसत होते. शेजारी काकू, मांडीवर तीच फाइल. मी घाबरून विचारलं, "काय झालं, काका?"

"काही नाही गं. हिला परत अटॅक आला तर घाटकोपरला पोचायला किती वेळ लागेल, ते बघून येतो."