काकूंसाठी जागा सोडून

लग्नाचा फोटोग्राफर ठरला तेव्हा मला वाटलं, आता तो त्या दिवशी येईल, फोटो काढेल, जेवेल आणि जाईल. तसं नसतं म्हणे. मुलीने बंगळूरहून फोन करून सांगितलं की कोणकोणते फोटो हवेत ते आधी ठरवून द्यावं लागतं, आणि ते काम तुझं, बाबा, कारण तू घरी रिकामाच असतोस. मी न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत जन्म काढला. कुठला कंटेनर कुठे अडकलाय हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचो. पण आता रिकामा होतो हे खरंच, म्हणून हो म्हटलं.

फोटोग्राफर कामोठे गावातला. त्याने मोबाइलवर एक तयार नमुना पाठवला, सगळ्या लग्नांना चालणारा. नवरी आरशात बघताना, मेंदीचे हात, नथीचा क्लोजअप असं सुरू होऊन मग आई सुरू झाली. आई साडीच्या निऱ्या नीट करताना. आई मुंडावळ्या बांधताना. आई डोळे पुसताना, आणि त्याच्यापुढे ‘कॅन्डिड’. म्हणजे रडायचं कुठे ते आधी ठरवायचं आणि मग ते सहज म्हणून टिपायचं. मला आधी हसू आलं. मग हातातला चहा पिववेना.

मी त्याला फोन लावला. म्हटलं, “यात आईचे फोटो आहेत, ते काढून टाका. आई नाहीये.”

“गावाला हायत का?”

“नाही हो. गेली. मुलगी बालवाडीत होती तेव्हा.”

तो अगदी चांगल्या मनाने म्हणाला, “काका, टेन्शन नाय घ्यायचा. फॅमिली फोटोत आमी काकूंना उभं करून देतो. आता सगलेच करतात. तुमी फकस्त स्टेजवर तुमच्या बाजूला एका मानसाची जागा सोडून उभं राव्हा. बाकी आमचं काम.”

मी सरळ नको म्हणणार होतो. असले चाळे मला मुळीच आवडत नाहीत. पण मी तसं कळवण्याआधीच त्याने मुलीलाही विचारलं होतं, आणि संध्याकाळी तिचाच फोन आला. “बाबा, मला तो फोटो हवाय,” ती म्हणाली. “बाकी तू काय वाटेल ते ठरव. मला आईबरोबर एक नीट फोटो हवाय.” ही मुलगी लहानपणापासून काही मागणारी नाही. शाळेच्या गॅदरिंगला तिची वेणी मी घालायचो, ती तासाभरात सुटायची, तरी तिने कधी ब्र काढला नाही. तिला नाही कसं म्हणणार?

गुरुजींकडे हा प्रश्न किती सोपा होता! कन्यादानाला जोडीने बसायचं असतं, आणि मी तर एकटा. ते म्हणाले, “कमरेला सुपारी खोचा, झालं.” सुपारी म्हणजे बायको. पोथीत तशी सोय आहे. सुपारीला तोंड नाही, वय नाही, ती कुठल्या रंगाची साडी नेसली असती हे कोणी विचारत नाही.

फोटोग्राफरला मात्र तोंड लागत होतं. सरळ उभा, समोर बघणारा फोटो हवा म्हणाला. तसा एकच निघाला, आपट्याला बायकोच्या मावशीकडे गेलो होतो तेव्हाचा. मागे पाताळगंगा नदी, ऊन डोळ्यांवर, मुलगी आईचं बोट धरून उभी. मी पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. “काका, फोटो भारी हाय. पन एक लफडा हाय. काकू लईच तरुन दिसतात. नवरीबाईंपेक्षा लहान. बाजूला तुमी, तर…” आरसा माझ्याकडेही आहे.

मग त्याने उपाय सांगितला. आता कॉम्प्युटर वय वाढवून देतो. चेहरा तोच, फक्त आजचा. “तेवढा सांगा, काकूंनी केस काले केले असते का पांढरेच ठेवले असते?”

मला इतका राग आला की फोन ठेवून दिला. राग त्याच्यावर नव्हता. मला उत्तर येत नव्हतं. एवढी वर्षं मी तिच्याशी मनातल्या मनात बोलतो, भाजी महाग झाली, शेजाऱ्यांनी गाडी आडवी लावली, सगळं सांगतो. पण ज्या बाईशी बोलतो ती तिशीतलीच. ती माझ्याबरोबर म्हातारी झालीच नव्हती. म्हातारा मी एकटाच होत गेलो.

त्यानंतर काही दिवस मी वडाळे तलावावर फिरायला गेलो की माझ्या वयाच्या बायकांचे केस बघायचो. काहींचे कुळकुळीत, काहींचे मेंदीने लाल, एकदोघींचे पांढरेशुभ्र. त्यातली कुठली ती झाली असती, काही केल्या ठरेना. एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तलावाची उलटी फेरी धरली. शेवटी फोटोग्राफरला फोन करून ठोकून दिलं, “पुढे एक पांढरी बट ठेवा. बाकी काळे.” कशावरून? कशावरूनही नाही.

पुढच्या रविवारी त्याने नमुना पाठवला. मोबाइलवर एक पन्नाशीपुढची, सुखवस्तू, प्रसन्न बाई माझ्याकडे बघून हसत होती. एकसारखे दात, गालांवर मऊ सुरकुत्या, मी सांगितलेली बट. छान होती. कोणाचीही आई शोभली असती. माझ्या बायकोचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, त्यामुळे ती ओठ मिटून हसायची आणि हसू फारच आलं तर पदर तोंडाला लावायची. कपाळावर लहानपणी पाट्यावर पडल्याची खूण होती, तीही कॉम्प्युटरने साफ करून टाकली होती. हे सगळं त्याला सांगून दुरुस्त करून घ्यायचं असं मी ठरवत होतो, तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिलाही त्याने फोटो पाठवला होता.

ती रडत होती. हसतही होती. “बाबा, बघितलास? आईच! अगदी आई!”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिला आईचे दात आठवत नव्हते. आठवणार कसे? बोटाला धरून चालायची तेव्हा ती. आणि मला एकदम कळलं की फोटोतली ही बाई ती नव्हे, हे सांगू शकणारा या घरात मी एकटा आहे. आणि आता मी ते सांगणारही नाही. इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान मांडीवर मुलगी होती, आणि तीही आईलाच शोधत होती.

“हो गं,” मी म्हणालो. “अगदी तीच.”

“मी जरा जास्तच रडतेय ना?”

“रड. पण लग्नात कॅन्डिडला थोडं शिल्लक ठेव.” ती नाक पुसत हसली. मग आईशेजारी आपण कुठे उभं राहायचं, उजवीकडे की डावीकडे, हे तिने मला दोनदा विचारलं.

फोन झाल्यावर मी फोटोग्राफरला कळवलं की फोटो पसंत आहे, काही बदलू नका. तो खूश झाला. म्हणाला, मग फायनल करू, मोठी फ्रेमही हीच करू.

“करा,” मी म्हटलं. “फक्त मला अजून एक हवाय. स्टेजवर मी जागा सोडून उभा राहीन ना, तो मूळ फोटोही द्या. काही न घालता.”

“काका, त्यात काकू नाय येनार. नुसती मोकली जागा दिसेल.”

“माहीत आहे. तो फक्त माझ्या मोबाइलवर पाठवा,” मी म्हणालो. “मुलीला दाखवू नका.”