सहाशे बारा वाक्यं

उरलेल्या आयुष्यात आपल्याला किती वाक्यं लागतील, असला विचार धडधाकट माणूस करत नाही. भोंगारावांना तो करावा लागला होता, आणि उत्तर आलं होतं सहाशे बारा.

भोंगाराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते बस स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे ते माइकवरून सांगायचे. चालक-वाहकांनी ठेवलेलं हे नाव हळूहळू घरापर्यंत आलं. आवाज असा, की गाडी दोन तास उशिरा येणार हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर माणसं शिव्या द्यायच्याऐवजी बाकावर नीट टेकून बसत. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. ऑपरेशनला अठरा दिवस होते.

इस्पितळातल्या एका बाईंनी त्यांना कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्रॅम दिला. आपल्या आवाजात वाक्य बोलायचं, त्याला नंबर द्यायचा. पुढे तो नंबर दाबला की ते वाक्य ऐकू येणार. भोंगारावांनी मागच्या खोलीच्या दाराला जाड रजई टांगली आणि अठरा दिवस स्वतःचं बोलणं साठवलं. एक म्हणजे ‘हो’. दोन म्हणजे ‘नाही’. चौदा, ‘माझा चष्मा कुठे ठेवलास?’ दोनशे सात, ‘मी रागावलेलो नाही, माझं तोंडच असं आहे.’ तीनशे चार खास लेकीसाठी होतं, थेट स्थानकाच्या थाटात: ‘लक्ष द्या, सात वाजून दहा मिनिटांची शाळा पाच मिनिटांत सुटत आहे.’ लहानपणी तिला ते असंच उठवायचे. आता लेक दूर, दुसऱ्या देशात. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन यायचा, आणि बाकी काही बोलायच्या आधी ती तीनशे चार ऐकून घ्यायची.

वाक्यं साठवण्याचं ते काम मागे चाललेलं असताना पुढच्या खोलीत त्यांची बायको शिलाई मशीनवर बसलेली असायची. गल्लीभर त्यांना मावशी म्हणतात, आपणही मावशीच म्हणू. मावशींना अर्धवट काही चालत नाही. सुरू केलेली टीप मधे थांबवायची नाही, सुटलेला धागा दिसला की कात्री नसेल तर दातांनी तोडायचा. नवरा नेमका उलटा. नळ गळतोय, नंतर बघू. दाढ दुखतेय, नंतर बघू. दोघांचा संसार टिकला कसा, हे गल्लीला पडलेलं जुनं कोडं होतं.

ऑपरेशननंतर कॉम्प्युटर जेवायच्या टेबलावर आला आणि तिथेच राहिला. ज्याला भोंगारावांशी बोलायचं त्याने टेबलापाशी यायचं. गळ्याला श्वासासाठी भोक होतं, त्यावर बांधायला मावशी मलमलीचे चौकोनी रुमाल शिवून द्यायच्या. चार वर्षांत मावशींनाही सगळे नंबर पाठ झाले. बाजारात नवऱ्याने नुसती बोटं दाखवली, आधी पाच मग सात, तरी त्या हसायच्या, कारण सत्तावन्न होतं ‘बाई, माणूस बघून भाव सांगते ही.’

रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक पाटी यायची: नवीन आवृत्ती तयार आहे. खाली दोन बटणं, ‘आता’ आणि ‘नंतर’. भोंगाराव ‘नंतर’ दाबायचे. चार वर्षं रोज. मावशी ते बघायच्या आणि मनात म्हणायच्या, हा माणूस काही सुधारायचा नाही. खरी गोष्ट अशी, की तो प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीवरच चालायचा आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईने भोंगारावांना तसं बजावून ठेवलं होतं. हे मावशींना कुणी सांगितलंच नाही. सहाशे बारा वाक्यांत ‘त्या बटणाला हात लावू नकोस’ असं वाक्य नव्हतं. लिहायच्या पाटीवर लिहून सांगता आलं असतं, पण ते नंतरवर राहून गेलं.

बुधवारी सकाळी भोंगाराव तपासणीला इस्पितळात गेले होते. मावशी टेबल पुसत होत्या. फडका कीबोर्डवरून फिरला, पडदा जागा झाला आणि कोपऱ्यात ती पाटी आली. मावशींनी फडका ठेवला. म्हटलं, ते येईपर्यंत एवढं तरी काम मार्गी लागेल, घरात एक तरी गोष्ट नंतरवर राहणार नाही. आणि त्यांनी ‘आता’ दाबलं.

पडदा निळा झाला. ‘कॉम्प्युटर बंद करू नका.’ सहा टक्के, अकरा टक्के, एकोणतीस टक्के. एकोणतीसवर तो अडून बसला तो पाऊण तास. मावशी समोर खुर्चीत हात जोडल्यासारख्या बसून राहिल्या. मग तो आपोआप बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला, आणि शेवटी एका तळ्याचं सुरेख चित्र घेऊन उगवला. तळं कुणी मागितलं होतं? प्रोग्रॅमच्या जागी एक कोरा पांढरा कागद दिसत होता. त्यावर दाबल्यावर उत्तर आलं: हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालू शकत नाही. मावशींनी एक दाबलं, दोन दाबलं, तीनशे चार दाबलं.

भोंगाराव परत आले, चपला काढल्या, टेबलापाशी बसले आणि सवयीने चौदा नंबर दाबला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबला. स्पीकरची वायर हलवून बघितली. मग तळ्याच्या चित्राकडे बघत राहिले.

“आपोआपच काहीतरी झालं,” मावशी म्हणाल्या. “मी स्वयंपाकघरात होते.”

चाळीस वर्षांत त्या नवऱ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही, पण कापड उरलं की संपलं एवढ्यापुरतं. हे खोटं त्यातलं नव्हतं.

दुपारी त्यांनी मदतीसाठीचा फोन लावला. पलीकडे माणूस नव्हताच, यंत्राची गोड बाई होती. तिने सांगितलं, तुमची अडचण थोडक्यात सांगा. मावशी म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचा आवाज गेलाय. यंत्र म्हणालं, स्पीकर चालू आहे का ते तपासा. मावशींनी पुन्हा सांगितलं, सावकाश, शाळेतल्या बाईसारखं. यंत्राने पुन्हा स्पीकर तपासायला सांगितला. तिसऱ्यांदा मावशींनी फोन ठेवून दिला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. शेजारी भोंगाराव बसले होते, आणि त्यांना तर त्या यंत्राला नावसुद्धा सांगता आलं नसतं.

शुक्रवारी दुरुस्तीवाली बाई आली. दणकट, कमी बोलणारी, पर्समध्ये कंगव्याशेजारी स्क्रू ड्रायव्हर ठेवणारी. मावशी तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर राहिल्या होत्या तशा. बाईने आधी जुन्या आवृत्तीवर परत जायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटरने अर्धा तास घेतला आणि सांगितलं, काहीतरी चुकलं, बदल मागे घेत आहोत. काय चुकलं ते त्याने सांगितलं नाही. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिने सगळं पुसून जुनी आवृत्ती नव्याने टाकली. वाक्यांची नक्कल तिने पूर्वीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. मावशींच्या जिवात जीव आला. पण प्रोग्रॅम नव्याने टाकला की तो सुरू व्हायला कंपनीची परवानगी मागायचा, आणि ती कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. वाक्यं त्या प्रोग्रॅमच्याच कुलपात. कुलूप होतं, वाक्यं आत होती, किल्ली देणारं कुणी उरलं नव्हतं.

“दुसरीकडून उघडता येत नाही का?” मावशींनी विचारलं.

“तुमचा फोन आल्यापासून मी तीन जणांना विचारलंय, मावशी. नाही येत.”

एवढं बोलून ती भोंगारावांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण दुखावलेपण होतं. सगळं पुसायच्या आधी तिने कॉम्प्युटरमधली नोंद बघितली होती. हे आपोआप झालं नव्हतं. बुधवारी दहा वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी बटण दाबलं होतं. “काका, मी तुम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं.”

दहा वाजून वीस मिनिटांनी भोंगाराव इस्पितळात, गळ्याची नळी साफ करून घेत होते. हे त्या घरात दोघांना माहीत होतं. मावशींनी डोळे मिटून घेतले. पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा नवऱ्याने पाटी बाईसमोर धरली होती. त्यावर लिहिलं होतं, ‘मीच दाबलं. चुकलं.’

मावशींना त्याच क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं. ज्याला बोलता येत नाही तो आपल्यासाठी खोटं बोलला, आणि जिला बोलता येतं ती गप्प बसली, याची त्यांना इतकी लाज वाटली की चहा करायचं निमित्त काढून त्या आत गेल्या आणि ओट्याला धरून रडल्या.

जायच्या आधी बाईला पेन ड्राइव्हवर अजून एक फोल्डर सापडला. वाक्य साठवताना बिघडलं, मधे खोकला आला की भोंगाराव ते नाकारून पुन्हा बोलायचे. जे पसंत पडलं ते प्रोग्रॅमने कुलपात घातलं. जे नाकारलं ते नुसतं बाजूला टाकून दिलं होतं. त्याला कुलूप नव्हतं. त्रेचाळीस तुकडे होते, सगळे बिघडलेले. बाईने ते पडद्यावर ओळीने लावून दिले आणि मावशींच्या नजरेला नजर न देता गेली.

शनिवारी दिवसभर भोंगाराव कानाला हेडफोन लावून ते ऐकत बसले. मावशींनी दोनदा जेवायला हाक मारली. त्यांनी मान हलवली, उठले नाहीत. काय ऐकताय, असं विचारायचं मावशींना धाडस झालं नाही.

रविवारी अकराला फोन वाजला. मावशींनी उचलला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला.

“बाबा, तीनशे चार,” लेक म्हणाली.

मावशींनी पदराने तोंड पुसलं.

“बाळा, ते गेलं. सगळी वाक्यं गेली. बटण मी दाबलं, बुधवारी. ते म्हणतील ‘मीच दाबलं’, तर ऐकू नकोस. ते घरात नव्हतेच.”

मावशींनी नवऱ्याकडे बघितलं. ते रागावले होते का, दोनशे सात नव्हतं म्हणून कळायला मार्ग नव्हता. त्यांनी हेडफोनची वायर काढली, पडद्यावरचा एक तुकडा निवडला आणि दाबला.

आधी मशीनची खडखड आली. एकसारखी, जोरात. मग त्यातून त्यांचा आवाज, चार वर्षांपूर्वीचा, भरदार: “लक्ष द्या, सात वाजून दहा मिनिटांची...” मग थांबला. मग तोच आवाज, माइकपासून तोंड फिरवून: “अगं, ते मशीन थांबव जरा! आवाज आहे तोवर बोलू दे मला.” आणि लांबून, रजईपलीकडून, मावशींचा स्वतःचा आवाज: “ही एवढी टीप संपवते.”

मशीन थांबलं नाही. मावशींना आठवलं, ती टीप केव्हाच संपली होती. त्या दिवशी त्यांनी एका फडक्यावरून नुसतीच सुई चालवली होती, दोरासुद्धा ओवला नव्हता. आत तो आवाज एकेक वाक्य मोजत संपत चालला होता आणि तो कानावर पडू नये म्हणून त्या अठरा दिवस पाय मारत राहिल्या होत्या. त्रेचाळीसमधले किती त्यांनी बिघडवले होते, ते नवऱ्याला शनिवारपासून माहीत होतं.

फोनमधून लेकीचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, “पुन्हा लावा, बाबा.”

त्यांनी पुन्हा लावलं. ‘थांबव जरा’ आलं तेव्हा मावशींचा पाय टेबलाखाली आपोआप उचलला गेला, मशीनच्या पायट्यावरून काढल्यासारखा. खडखड तशीच चालू राहिली, तुकडा संपेपर्यंत.